बारा कसोट्या आणि वीस हंगाम

बीडमध्ये क्रिकेटचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "आपला बांगर होता की, पण फार नाही चालला." सुभाष रोडला चहा पिताना हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर तोंडपाठ झालंय. म्हणणाऱ्याचा हिशोब सरळ असतो. संजय बांगर, जन्म बीड, १९७२. भारताकडून १२ कसोट्या, १५ एकदिवसीय सामने. वर्षभरात कसोटी संपली. खलास.

माझा हिशोब निराळा आहे. १९९३-९४ च्या हंगामात रेल्वेकडून रणजी खेळायला सुरुवात, २०१३ च्या जानेवारीत निवृत्ती. वीस हंगाम. प्रथम श्रेणीचे १६५ सामने, ८,३४९ धावा, १३ शतकं आणि बरोबर ३०० बळी. आठ हजार धावा आणि तीनशे बळी एकाच माणसाच्या नावावर असणं ही देशातसुद्धा विरळा गोष्ट आहे, बीडचं तर सोडूनच द्या. जिथं खेळाच्या जिवावर दोन वर्षं घर चालवलेला माणूस शोधून सापडत नाही, तिथला एक गडी वीस वर्षं खेळून निवृत्त होतो आणि आपण म्हणतो, चालला नाही.

मी शाळेत पीटीचा मास्तर होतो. पोरांच्या भाषेत 'शिट्टीवाले सर'. मैदानावर फक्कीच्या रेघा ओढणं, खो-खोचे खांब रोवून घेणं आणि पंधरा ऑगस्टची कवायत बसवणं ही माझी कामं. गणिताचा तास बुडाला तर पालक भांडायला यायचे, पीटीचा बुडाला तर कोणाला कळायचंही नाही. त्यामुळे खेळाडू कसा तयार होतो यापेक्षा तो कसा गळतो, हे मी जास्त जवळून पाहिलंय. बांगरबद्दल बोलताना माझा आवाज चढतो तो त्यामुळेच.

गळती कशी होते ते सांगतो. शालेय स्पर्धांचं चक्र पावसाळ्यात फिरायला लागतं. आधी तालुका, मग जिल्हा, दसरा-दिवाळीच्या आसपास विभाग, नंतर राज्य. आणि दिवाळी झाली की आमच्याकडं कोयता निघतो. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला ही जोडी पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर ऊस तोडायला जाते, कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या, भांडी, शेळी आणि लेकरं. ज्या पोराचे पाय सप्टेंबरात मी जिल्ह्याला पळवले, तेच पाय डिसेंबरात मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असत.

आमच्या शाळेत एक पोरगा होता, आठवीतच उंचापुरा. चेंडू असा टाकायचा की यष्टीमागं उभं राहायला कोणी तयार नसे. त्याच्या पायात बूट नव्हते, आम्ही वर्गणी काढून घेतले. विभागाच्या स्पर्धेत त्यानं समोरच्या संघाची मधली फळी उडवली आणि निवडीच्या यादीत नाव आलं. राज्याचं शिबिर लागलं तेव्हा मी त्याच्या वस्तीवर गेलो तर दाराला कडी. शेजारची आजी म्हणाली, "मास्तर, परवाच गेले की ट्रॅक्टरवर." नेलं कोणी, कुठल्या कारखान्यावर, ते सांगण्यात आता अर्थ नाही. बापाचा दोष म्हणाल तर मला मान्य नाही. पोराचा कोयता अर्धा धरला तरी उचलीतले काही हजार फिटत होते. शिबिरातून काय फिटणार होतं? ट्रॅकसूट?

म्हणून बीडमधून कोणी मोठा खेळाडू झाला असं ऐकलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्याच्या जेवणाची सोय कोणी केली? शिकवलं कोणी, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

बांगरच्या बाबतीत उत्तर आहे, भारतीय रेल्वेनं. वयोगटांच्या संघांतून तो महाराष्ट्राकडूनही खेळला, मुंबईकडूनही. पण मोठ्यांच्या संघात जागा होईना. मुंबईच्या फलंदाजीच्या रांगेत त्या काळात नंबर लागणं म्हणजे पंढरपूरला आषाढीत पदस्पर्श. तेव्हा गडी रेल्वेकडं गेला. यातली गंमत बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. बीड शहरात तेव्हा रेल्वेच नव्हती. परळीला होती, पण आमच्या शहरातल्या माणसाला गाडी पकडायची तर आधी एसटीनं नगर नाहीतर औरंगाबाद गाठावं लागे. नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला १९९५ साली. बीडच्या स्थानकातून नगरकडं पहिली गाडी सुटली २०२५ च्या सप्टेंबरात, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. म्हणजे बीडला रेल्वे यायच्या तीस वर्षं आधी बीडचा माणूस रेल्वेत होता. मुलगा निवृत्त झाला, प्रशिक्षक झाला, तेही सोडून समालोचनाला बसला, तेव्हा कुठं गाडी आली.

त्या काळचा रेल्वेचा संघ हा क्रिकेटमधला मोठा गमतीचा कारभार होता. राज्य नाही, गाव नाही, 'आमचा संघ' म्हणून ओरडणारं पब्लिक नाही. दिल्लीत पहाडगंजाजवळचं कर्नेलसिंग स्टेडियम, तिथली ती मंद, खाली राहणारी खेळपट्टी आणि देशभरातून गोळा झालेली माणसं. रायचूरचा येरे गौड, ओडिशाचा कुलमणी परिडा, मुंबईचा अमित पागनीस, मुरली कार्तिक, जयप्रकाश यादव, अभय शर्मा. यातल्या बऱ्याच जणांना आपापल्या राज्यात एक तर जागा नव्हती किंवा भाकरी नव्हती. या संघानं २०००-०१ ला रणजीची अंतिम फेरी गाठली आणि बडोद्याकडून हार खाल्ली. पुढच्याच वर्षी त्याच बडोद्याला हरवून पहिल्यांदा करंडक नेला. २००४-०५ ला पुन्हा. बघायला हा संघ कंटाळवाणा होता हे मी नाकारत नाही. दिवसभर खेळून दोनशे धावा करायचे. पण महिन्याचा पगार ज्याच्या खात्यात येतो तो घाईत बॅट फिरवत नाही, एवढं मात्र मला त्यांच्याकडं पाहून कळलं.

२००१ च्या डिसेंबरात मोहालीला इंग्लंडविरुद्ध भारताच्या संघात तीन नवे चेहरे होते. एक केरळचा टिनू योहानन. दुसरा आपला बांगर. तिसरा इक्बाल सिद्दीकी, औरंगाबादचा. मराठवाड्यातले दोघं एकाच दिवशी कसोटीत उतरले, ही गोष्ट मी जमेल तिथं सांगत असतो आणि लोक जमेल तिथं विसरत असतात. तो सामना भारतानं दहा गडी राखून जिंकला. शेवटी जिंकायला पाचच धावा हव्या होत्या, तेव्हा सिद्दीकीला सलामीला पाठवलं आणि त्यानं काम उरकलं. त्याला पुन्हा कसोटी मिळाली नाही. बांगरला मिळाली. फेब्रुवारीत नागपूरला झिंबाब्वेविरुद्ध त्यानं सातव्या क्रमांकावर येऊन नाबाद १०० केल्या.

आणि मग लीड्स. हेडिंग्ले, २२ ऑगस्ट २००२. त्या दिवशी राखीपौर्णिमा होती म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. घरी बहीण आलेली, नारळीभाताचा वास आणि साडेतीनला टीव्ही लावायची माझी घाई. त्या वर्षांत लोडशेडिंग असं होतं की सामना तुकड्या-तुकड्यांनीच दिसायचा. लाइट गेली की रेडिओ, आली की टीव्ही. भारत मालिकेत ०-१ मागं. आभाळ दाटलेलं, खेळपट्टी ओलसर, आणि सौरव गांगुलीनं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. भलतं धाडस होतं ते. आधीच्या दोन कसोट्यांत सलामीला आलेला वसीम जाफर बाहेर, त्याच्या जागी बांगर. यामागं आणखी एक हिशोब होता. बांगर मध्यमगती टाकतो म्हणून कुंबळे आणि हरभजन या दोन्ही फिरकीपटूंना खेळवता आलं. एका माणसाच्या दोन कामांमुळं तिसऱ्याला जागा झाली.

सेहवाग आठ धावांवर गेला. द्रविड आला. पुढं जे झालं त्याला मी खेळ म्हणण्यापेक्षा नांगरट म्हणेन. हॉगार्ड, कॅडिक, ट्यूडर, फ्लिंटॉफ, चौघंही आळीपाळीनं चेंडू बाहेर काढत होते आणि बांगर ते सोडत होता. सोडत होता म्हणजे नुसतं बॅट वर घेणं नव्हे. डावा पाय पुढं, डोकं चेंडूच्या रेषेत, हात शरीराला चिकटून आत, आणि शेवटच्या क्षणी बॅट चेंडूच्या वाटेतून बाजूला. चेंडू मागं यष्टिरक्षक स्ट्युअर्टच्या हातात. पुन्हा तेच. शाळेत मी पोरांना सांगायचो, फटका कोणालाही येतो रे, सोडून दाखवा. त्या दिवसानंतर उदाहरण द्यायला माझ्याकडं घरचा माणूस झाला. अंगावर लागले, बॅटची कड हुकली, तरी चेहऱ्यावर काही नाही. दोघांनी १७० ची भागीदारी केली. बांगर ६८ करून गेला, त्याला २३६ चेंडू लागले. पुढं द्रविड १४८, तेंडुलकर १९३, गांगुली १२८. भारत ८ बाद ६२८. दुसऱ्या डावात बांगरनं दोन बळीही काढले. डावानं विजय, मालिका बरोबरीत.

आज लीड्स म्हटलं की लोकांना त्या तीन शतकांची आठवण होते, आणि ते बरोबरच आहे, शतक ते शतक. पण पहिल्या सकाळी दुसरी विकेट लगेच गेली असती तर तेंडुलकरला नव्या चेंडूसमोर उभं राहावं लागलं असतं. ही कामगिरी धावफलकात मावत नाही. द्रविडसारख्या जाणत्यांनी तिची दखल घेतली. आम्ही बीडकर मात्र अजून '६८ च केल्या ना' म्हणतो.

त्यानंतर ऑक्टोबरात वानखेडेवर वेस्ट इंडिजविरुद्ध सेहवागबरोबर २०१ ची सलामी दिली, त्यात बांगरच्या ५५. मग डिसेंबरात न्यूझीलंड. तिथल्या खेळपट्ट्यांवर गवत इतकं की हॅमिल्टनला भारत ९९ वर बाद, न्यूझीलंड ९४ वर. मोठमोठे तिथं वाहून गेले, पण परतल्यावर जागा कोणाची जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २००३ च्या विश्वचषकाच्या पंधरात तो होता, एकही सामना न खेळता आला. कसोटीतलं दार बंद झालं तेव्हा वय तीस.

आता टपरीवरच्या माणसाच्या हिशोबानं इथं गोष्ट संपते. खरं म्हणजे इथून पुढं दहा वर्षं बाकी होती. तीस वर्षांच्या ज्या गड्याला भारताकडून पुन्हा बोलावणं येणार नाही हे उघड दिसतंय, तो कर्नेलसिंगवर परत जातो, गॅलरीत चार माणसं असताना नव्या चेंडूवर सलामीला उतरतो, दुपारी पंधरा षटकं टाकतो, रेल्वेचं कर्णधारपद सांभाळतो, आणि हे दहा हिवाळे करतो. कोण करील? ज्याची रोजीरोटी तीच आहे तो करील. नोकरी नसती तर बांगर २००३ सालीच घरी आला असता, आणि तीनशे बळी आणि आठ हजार धावा झाल्याच नसत्या. पुढं पंजाबच्या आयपीएल संघाचा प्रशिक्षक म्हणून २०१४ ला अंतिम फेरी, त्याच वर्षापासून २०१९ पर्यंत भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक, नंतर बंगळूरुच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक. हे सगळं त्या कंटाळवाण्या दहा वर्षांवर उभं आहे. बारा कसोट्यांवर नाही.

मुंबईवाले म्हणतात, आमच्याकडं क्रिकेट रक्तात आहे. रक्तात असेल, पण पगार कंपनीत होता. टाइम्स शिल्ड ही कंपन्यांची स्पर्धा मुंबईत उगाच मोठी झाली नाही. गावसकर निर्लॉनमध्ये, एकनाथ सोलकर मफतलालमध्ये. टाटा, एसीसी, बँका, सगळ्यांचे संघ. कबड्डीतही तेच, एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम. पोरगा सकाळी हजेरी लावायचा, दुपारी मैदानावर. मराठवाड्यात अशी मफतलाल कुठून आणायची? आमच्या वाट्याला रेल्वे आणि फौज.

फौज म्हटलं की अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातलं मांडवा, आईबाप शेतमजुरी-वीटभट्टीवर राबणारे, शाळेसाठी रोजची पायपीट. बारावी झाली आणि महार रेजिमेंटमध्ये भरती. तेव्हा तो धावपटू नव्हता, लक्षात घ्या. जवान होता. सियाचीनला ड्युटी केली, राजस्थानात केली. २०१५ ला सैन्याच्या क्रॉसकंट्रीत धावायला लागला, मग तीन हजार मीटर स्टीपलचेसकडं वळला. २०१८ ला गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, सुवर्ण हुकलं सेकंदाच्या विसाव्या भागानं. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियावाले घरी नेत होते, त्यांच्या मध्ये हा आष्टीचा घुसला. २०२३ ला आशियाई सुवर्ण. हा सगळा प्रवास फौजेचा पगार चालू असताना झाला.

पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे बघा. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुलात सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. राज्यानं त्याला पोलीस उपअधीक्षक केलं. चांगलंच केलं, त्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. पण यातला फरक बघा. रेल्वे आणि फौज आधी भाकरी देतात, मग खेळ म्हणतात. राज्य सरकार म्हणतं आधी पदक आण, मग खुर्ची देतो. नोकऱ्यांतलं पाच टक्के खेळाडू आरक्षणही तसंच, प्रमाणपत्र दाखवा आणि जागा घ्या. पदकापर्यंत पोचायच्या आधीच्या सहा-सात वर्षांत पोरानं काय खायचं, याचं उत्तर शासन निर्णयात नाही. पैलवानाचं तर महिन्याचं तूप-बदामाचंच बिल एका कोयत्याच्या कमाईला भारी पडतं.

प्रमाणपत्रावर नोकरी म्हटली की दुसरी कीडही लागते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यात गाजलं, ट्रॅम्पोलिनचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं अशा घराघरांत ते पोचलं. ज्यानं कधी उडी मारली नाही त्याच्या नावावर पदक. खऱ्या पोराची पाच टक्क्यांतली जागा त्यानं नेली. जिथं रोज मैदानावर उतरून खेळावं लागतं तिथं ही लबाडी चालत नाही. बोगस माणसानं कर्नेलसिंगवर पंधरा षटकं टाकून दाखवावीत.

भाकरीचा हा प्रश्न बाहेर कसा सुटतो तेही बघा. माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या नोकरीसाठी एस्टोनियात, टॅलिनला असतो. फोन आला की थंडीचं आणि बास्केटबॉलचं सांगतो. मी नकाशा काढून बघितला, बाल्टिक समुद्राच्या काठावरचा टिकलीएवढा देश. लोकसंख्या चौदा लाखांच्या आत. आपला बीड जिल्हा २०११ च्या जनगणनेत पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार. म्हणजे तो देश आपल्या जिल्ह्याच्या साधारण निम्म्यानं. त्या देशाचा मार्टिन म्युरसेप १९९६ साली अमेरिकेच्या एनबीएत निवडला गेला, तिथं पोचलेला पहिला एस्टोनियन. आधी मायामी, तिथून डॅलस. दोन हंगामांत तिथला खेळ आटोपला. त्यांच्याकडंही कोणी टपरीवर 'फार नाही चालला' म्हणालं असेल. पण गडी युरोपात परतला, मॉस्कोच्या सीएसकेएसारख्या क्लबांतून खेळत राहिला आणि पुढं प्रशिक्षक झाला. वरची पायरी निसटली तर उभं राहायला खालच्या चार पायऱ्या होत्या. गावोगाव क्लब, क्लबांच्या लीग, शेजारच्या देशांतही लीग, आणि प्रत्येक ठिकाणी करार आणि पगार. टॅलिनच्या 'कालेव' क्लबनं तर १९९१ साली अख्ख्या सोव्हिएत संघाचं विजेतेपद मारलं होतं. एवढ्याशा जागेतून खेळाडू निघतात ते दूध जास्त पितात म्हणून नव्हे.

आपल्याकडं बास्केटबॉल खेळणाऱ्याला तशा पायऱ्या नाहीत. टिकलेली व्यावसायिक लीग नाही. राष्ट्रीय स्पर्धांच्या निकालात नावं बघा, रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक. महिलांमध्ये तर रेल्वेचंच राज्य. तिथल्या क्लबाचं काम इथं खात्यांनी केलं. क्रिकेटमध्ये आयपीएल आलं, कबड्डीत २०१४ पासून प्रो कबड्डी आली, काही घरं उभी राहिली, मी नाक मुरडत नाही. पण लिलावात नाव येतं ते तयार झालेल्या खेळाडूचं. बीडचाच सचिन धस, २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेसमोर ४ बाद ३२ असताना आला आणि ९६ काढून सामना फिरवला. त्याच्या घरच्यांनी मागं राहून केलं म्हणून तो तिथवर गेला. ज्यांच्या घरच्यांना ते जमत नाही त्यांचं काय, एवढंच माझं विचारणं आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो घेणारे माझे मित्रच आहेत. नोकरी मिळाली की पोरगा खेळणं सोडतो. पोट सुटतं, मोटारसायकल येते, लग्न होतं. मी असे पाहिलेत, खोटं बोलणार नाही. भालाफेकीचा चांगला पोरगा कारकून झाला आणि पुढं भाल्याला हात लावला नाही. पण त्याला आपण टेबल दिलं होतं, मैदान नाही. हजेरी मैदानावर लावायची, हंगामाचा अहवाल द्यायचा, खेळ सुटला तर सवलत सुटली, अशी अट घातली की बघा. रेल्वेनं बांगरला वीस वर्षं पोसलं ते धर्मादाय म्हणून नाही. त्याच्याकडून दोन माणसांचं काम काढून घेतलं.

दुसरा आक्षेप पैशाचा. जिल्ह्यात प्यायला पाणी नाही आणि मास्तर खेळाडूंना पगार मागतोय. बरोबर आहे. पण सत्कारांना पैसा कुठून येतो? साबळे जिंकला त्या आठवड्यात शहरात जे फ्लेक्स लागले, त्यांच्या छपाईच्या खर्चात किती पोरांचं वर्षाचं जेवण निघालं असतं याचा हिशोब छापखानेवाल्यांना विचारा. साखर कारखाने आहेत, नागरी बँका आहेत, पतसंस्था आहेत (जेवढ्या बुडाल्या नाहीत तेवढ्या), बाजार समित्या आहेत. प्रत्येकानं सोळा ते एकवीस वयाचे दोन-तीन खेळाडू कामावर घ्यावेत. शिष्यवृत्ती म्हणू नका, ती मार्चअखेर येते आणि अर्ध्या वेळा येतच नाही. महिन्याच्या महिन्याला पगार, बापाच्या हातात दिसेल असा. पोरगा शिबिराला गेला तर घरात काही कमी पडत नाही, हे बापाला कळलं की मास्तरला वस्तीवर जावं लागत नाही.

आणि जी काही निवड चाचणी घ्यायची असेल, मग ती जिल्हा संघटनेची असो, कारखान्याची असो की आता बीडपर्यंत आलेल्या रेल्वेची, ती दसऱ्याच्या आत घ्या आणि यादी त्याच आठवड्यात लावा. आजवरच्या बहुतेक चाचण्या जानेवारीत झाल्या. जानेवारीत आमची निम्मी पोरं फडावर असतात.